दोनशे बारची हवा: एअर रायफलचं सिलिंडर भरायला शिकताना

रविवारी सकाळी रेंज उघडली की पहिला अर्धा तास मी टाकीपाशीच असतो. भिंतीला साखळीने बांधलेली बारा लिटरची पोलादी टाकी, तिच्या तोंडाशी पितळी ॲडॉप्टर, आणि समोर आपापलं सिलिंडर हातात घेऊन उभी असलेली पोरं. पीथमपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं हायड्रॉलिक यंत्रांच्या दुरुस्तीवर होतो, त्यामुळे दाबाशी माझी जुनी ओळख. निवृत्तीनंतर पुतणीला रेंजवर सोडायला येऊ लागलो आणि बघता बघता हे काम माझ्याकडेच आलं.

मागच्या महिन्यात लोकमान्य नगरातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पोर असेल तेरा वर्षांची, हातात पहिलीवहिली रायफल. सिलिंडर माझ्या हातात देताना तिने विचारलं, "काका, ही हवा पंक्चरवाल्याकडे नाही का भरून मिळत?" वडील तिला गप्प करायला लागले. मी म्हटलं, "अहो, विचारू द्या तिला. प्रश्न बरोबर आहे." पण उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. ते इथे सविस्तर लिहितो, कारण मुलांच्या हातात ही वस्तू देणाऱ्या प्रत्येक आईबापाला ते ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी रायफलबद्दल दोन शब्द. ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफल 1984 साली लॉस एंजेलिसला आली, एअर पिस्तूल 1988 साली. अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगला सुवर्ण जिंकलं ते याच 10 मीटर एअर रायफलमध्ये. आजच्या स्पर्धेच्या बंदुकीत नळीखाली एक लांबुळकं सिलिंडर असतं, त्यात दाबलेली हवा भरलेली असते. घोडा ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा पुढे जातो. अशा बंदुकीला पीसीपी म्हणतात. हवा आधीच भरून ठेवलेली, म्हणून दर गोळीला स्प्रिंग दाबायचे कष्ट नाहीत, झटकाही जवळजवळ नाही. आत एक रेग्युलेटर असतो, तो सिलिंडरमधला दाब कमी करून दर गोळीला सारखाच देतो. म्हणून पहिली गोळी आणि साठावी गोळी एकाच वेगाने सुटते.

आता दोनशे म्हणजे किती ते पाहू. आपल्या अंगावर वातावरणाचा जो दाब असतो तो साधारण एक बार. स्कूटरच्या टायरमध्ये त्याच्यावर आणखी दोन बार, म्हणजे पंक्चरवाल्याच्या भाषेत तीसेक पाउंड. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर फार तर आठ-दहा बारपर्यंत जातो. स्पर्धेच्या रायफलचं सिलिंडर भरतात 200 बारला, म्हणजे सुमारे 2900 पाउंडाला. पंक्चरवाल्याकडे ते का भरून मिळत नाही, ते यावरूनच कळावं.

हा आकडा ओळखीचा करून घ्यायचा असेल तर सीएनजीच्या पंपावर जा. रिक्षात नि बसमध्ये सीएनजी भरतात ती याच 200 बारला. आपल्या इंदूरला देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून हा गॅस बनतो आणि त्यावर शहरातल्या बस धावतात. पंपावर गॅस भरताना सगळ्यांना गाडीतून खाली उतरवतात, आठवतंय? तुमच्या मुलीच्या रायफलखालच्या त्या बोटभर जाड नळकांड्यात तितकाच दाब असतो. ते जळत नाही एवढाच फरक. दाबाचा धोका मात्र तोच.

दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा जोर. 200 बारला एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, दोनशे किलोचा भार पडतो. भरायच्या नळीची जोडणी 8 मिलिमीटरची असेल तर तेवढ्या भोकावर एक क्विंटल जोर येतो. गव्हाचं भरलेलं पोतं त्या चिमुकल्या जोडणीला आतून ढकलतं आहे, असं डोळ्यांपुढे आणा. आत हवा कोंडलेली असताना जोडणी का सुटत नाही आणि पाना लावून जबरदस्तीने का सोडवायची नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

साठलेल्या ताकदीचा हिशेबही एकदा करून बघा. पाणी कितीही दाबलं तरी आकाराने फारसं कमी होत नाही, त्यामुळे पाण्याने भरलेली टाकी फुटली तर थोडं पाणी बाहेर येतं आणि दाब तिथेच संपतो. म्हणून तर टाकीची मजबुती तपासताना तिच्यात पाणी भरून दाब देतात. हायड्रो टेस्ट म्हणतात ती हीच. हवेचं तसं नाही. 200 बारची हवा मोकळी झाली की दोनशेपट फुगते आणि फुगताना वाटेत येईल ते ढकलत जाते. आमच्या बारा लिटरच्या टाकीतली हवा एका झटक्यात सुटली, तर अगदी हात राखून केलेल्या हिशेबानेही एक टनाची मोटार चाळीस मीटरहून उंच उचलता येईल एवढी ताकद तिच्यात भरते. रायफलचं सिलिंडर जेमतेम 0.2 लिटरचं, पण त्यातलीही ताकद एका मोठ्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत नेईल एवढी असते. म्हणून टाकी साखळीने बांधायची. उभी टाकी आडवी पडून तिचा वरचा व्हॉल्व्ह मोडला तर ती टाकी राहत नाही, अग्निबाण होते. मी नव्या मुलांना टाकीला हात लावू देण्याआधी ती साखळी ओढून बघायला लावतो.

ही हवा येते कुठून? नवशिक्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट मोठ्या टाकीची. टाकी भरून आणायची आणि तिच्यातून सिलिंडर भरायची. समुद्रकाठच्या गावांत समुद्रात बुडी मारणाऱ्यांना हवा भरून देणारी दुकानं असतात. माळव्यात समुद्र नाही, तेव्हा ती सोय इथे नाही, आणि नवा मुलगा रेंजच्या टाकीवरच अवलंबून असतो. दुसरी वाट हातपंपाची. दिसायला सायकलच्या पंपासारखा, पण आत तीन टप्पे. प्रत्येक टप्पा हवा आणखी दाबतो आणि पुढच्याला देतो. शेवटच्या टप्प्यातला दट्ट्या समजा 6 मिलिमीटर व्यासाचा आहे. 200 बारला तो खाली दाबायला सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो जोर लागतो. म्हणून हातपंप हाताने मारायचा नसतो, कोपर ताठ ठेवून अंगाचं वजन त्यावर टाकायचं असतं. तेरा वर्षांच्या मुलीचं ते काम नाही, बापाचं आहे. ही पद्धत काही आजची नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 च्या सुमारास हवेवर चालणारी एक रायफल घेतली होती. तिचा दस्ता हाच हवेचा साठा असायचा आणि तो पूर्ण भरायला सैनिकाला पंपाचे हजाराहून जास्त झटके मारावे लागत. तिसरी वाट छोट्या विजेच्या कॉम्प्रेसरची. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षात घेऊ नका. यंत्र तापतं, पाणी धरतं, तेल मागतं, आणि या तिन्हींकडे लक्ष द्यायची सवय लागायच्या आधीच बिघडतं.

मोठ्या टाकीतून छोटं सिलिंडर भरताना नेमकं काय होतं, ते शाळेतल्या बॉइलच्या नियमावर चालतं. दोन भांडी जोडली की हवा दोघांत समान दाबाने वाटली जाते. टाकी 12 लिटरची, दाब 200 बार, गुणाकार 2400. सिलिंडर 0.2 लिटरचं, त्यात 50 बार उरलेले, म्हणजे 10. बेरीज 2410. ती एकूण 12.2 लिटरमध्ये वाटली की 197.5 बार येतात. सिलिंडर जवळपास पूर्ण भरलं आणि टाकीचा दाब अडीच बारने उतरला. पुढच्या मुलाला 195 मिळतील, त्याच्या पुढच्याला त्याहून थोडे कमी. पंचवीस मुलांनंतर टाकी दीडशेच्या आसपास येते आणि मग कोणालाही दीडशेच्या वर मिळत नाही. टाकीत हवा रग्गड असते, पण उतार संपलेला असतो. विहिरीत पाणी असूनही पाट वाहत नाही, तसं. आमच्याकडे एक पालक दर वेळी विचारायचे की टाकी जड आहे, हलवल्यावर भरलेली वाटते, मग आमच्या मुलाला कमी हवा का? हा हिशेब एकदा वहीत मांडून दाखवला आणि त्यांचं समाधान झालं.

म्हणून काही जण 300 बारची टाकी घेतात. 3 लिटरची 300 बारची टाकी 200 पर्यंत उतरेपर्यंत प्रत्येक सिलिंडर पूर्ण 200 ला भरते. 80 बारवर आलेलं 0.2 लिटरचं सिलिंडर असं साधारण बारा वेळा भरता येतं. प्रत्यक्षात जरा कमीच, कारण 300 बारला हवा बॉइलच्या नियमाला तंतोतंत जुमानत नाही आणि हिशेबापेक्षा दहाएक टक्के कमी मावते. पण 300 च्या टाकीची खरी अडचण वेगळीच आहे. 200 च्या टाकीने 200 चं सिलिंडर मर्यादेबाहेर भरणं शक्यच नसतं, हात चुकला तरी. 300 ची टाकी मात्र ते सहज करू शकते. तिथे तुमच्या आणि अपघाताच्या मध्ये फक्त गेजच्या काट्यावरची तुमची नजर असते. गेजवर 2.5 असा वर्ग, म्हणजे अडीच टक्के, छापला असेल तर 300 च्या गेजमध्ये साडेसात बारची चूक निर्मात्याने धरलेलीच आहे. नवशिक्याने 200 बारच्या टाकीवरच शिकावं, हे माझं म्हणणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

प्रत्यक्ष भरताना

त्या दिवशी त्या मुलीला जसं दाखवलं तसंच इथे सांगतो. बंदूक रिकामी आहे, नळीत छर्रा नाही, हे आधी पाहिलं. मग सिलिंडर रायफलवरून फिरवून काढलं. त्याला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे काढताना बारीक फुस्स होऊन थांबतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. अंगावर कोरलेली तारीख तिला वाचायला लावली. या सिलिंडरांचं आयुष्य निर्मात्याने ठरवलेलं असतं, बहुतेकांचं 10 वर्षं, आणि तारीख उलटलेलं सिलिंडर आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमातही बसत नाही. तारीख बघायची जबाबदारी नेमबाजाची, असं नियमच सांगतो.

मग आटे कोरड्या फडक्याने पुसले. ॲडॉप्टरच्या तोंडाशी काळी ओ-रिंग असते, मेथीच्या देठाएवढी जाड. तिच्यावर नख फिरवून बघितलं. कुठे चीर नाही, केस नाही, वाळूचा कण नाही. इतकी क्षुल्लक दिसणारी ती रबरी कडी, पण सगळा दाब तीच अडवते. ॲडॉप्टर टाकीवर हाताने फिरवून बसवला, सिलिंडर त्यावर हातानेच. पाना आणि पक्कड या कामात लागतच नाहीत. हाताने बसत नसेल तर आटे चुकताहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे वेगळे असतात, आणि टाकीच्या 200 आणि 300 बारच्या जोडण्यांचीही लांबी वेगळी ठेवलेली असते, म्हणजे 200 ची जोडणी 300 च्या टाकीवर नीट बसूच नये. ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. ती चुकवायला कोणी मधला तुकडा खराद्याकडून बनवून आणत असेल तर तिथून निघून या.

ब्लीड स्क्रू बंद केला. हा छोटा स्क्रू भरून झाल्यावर जोडणीत अडकलेली हवा सोडायला असतो. मग तिला बाजूला उभं केलं, चेहरा गेजच्या समोर नको म्हणून, आणि टाकीचा व्हॉल्व्ह तिच्या हाताने उघडायला लावला. "किती फिरवू?" तिने विचारलं. "आवाज येईपर्यंत. आवाज आला की थांब." बारीक सीऽऽ असा आवाज सुरू झाला. काटा हलला. पन्नासवरून साठ, सत्तर. तिचा हात आपोआप आणखी फिरवायला गेला, सगळ्यांचाच जातो. मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. शंभर बार चढायला निदान दोन मिनिटं लागू दे, मी तिला सांगितलं, आणि तोवर दुसऱ्या हाताने सिलिंडरला स्पर्श कर. तिने केला आणि म्हणाली, "गरम होतंय!"

हे होणारच. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक तापतं त्याच कारणाने. घाईने भरलेलं सिलिंडर 45 अंशांना 200 दाखवतं, आणि खोलीत 25 अंशांवर आलं की 187 वर उतरतं. मुलगा म्हणतो गळतंय. गळत काही नसतं, हवा फक्त निवलेली असते. हळू भरलं की धातूला उष्णता बाहेर टाकायला वेळ मिळतो आणि काटा दाखवतो ते खरं असतं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आम्ही तीन मिनिटं थांबलो, परत थोडं उघडलं, 195 ला थांबलो. ब्लीड स्क्रू सैल केला, फट्‌ असा आवाज झाला, आणि मगच सिलिंडर हाताने सहज निघालं. निघत नसतं तर आत हवा आहे असं समजून परत ब्लीड करायचं, हे तिला दोनदा म्हणायला लावलं.

गळतीची शंका उरलीच तर साबणाचं पाणी जोडणीवर लावून बुडबुडे बघावेत, मग पुसून कोरडं करावं. आणि थंडीच्या दिवसांत एक गोष्ट ध्यानात असू द्या. शब-ए-माळव्याचं कौतुक आपण सगळे करतो. त्याच थंड रात्रीमुळे संध्याकाळी 25 अंशांना 200 दाखवणारा काटा पहाटे 15 अंशांना 193 वर असतो. दुपारी तो परत चढतो. उन्हाळ्यात याच्या उलट. मे महिन्यात बंद गाडीत सिलिंडर राहिलं आणि ते 25 वरून 60 अंशांवर गेलं, तर 200 चे 223 होतात. गाडीत ते कधीच सोडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

तेल आणि ऑक्सिजन

हा भाग मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका ठिकाणी हातपंप जड चालतो म्हणून कोणीतरी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. चार-पाच झटक्यांनी आतून दणका बसल्यासारखा आवाज झाला आणि पंप अडकला. दुरुस्तीला तो माझ्याकडे आला. खोलला तर शेवटच्या टप्प्याची नळी आतून काजळीने काळी, ओ-रिंग वितळून चिकटलेली. कोणाला इजा झाली नाही, ते नशीब. घडलं काय, तर डिझेल इंजिनात घडतं तेच. तिथे ठिणगी नसते. हवा झटक्यात दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पंपात हवा होती, झटका होता, आणि तेलाने इंधन पुरवलं. म्हणून उच्च दाबाच्या कुठल्याही जोडणीला शिलाईचं तेल, ग्रीस, व्हॅसलिन, खोबरेल काहीही लागता कामा नये. ओ-रिंगला लावायचं ते निर्मात्याने सांगितलेलं सिलिकोन ग्रीस, आणि तेही बोटाला जेमतेम ओलसर लागेल एवढंच. व्हॉल्व्ह हळू उघडायचं दुसरं कारण हेच. झटक्यात उघडला की जोडणीच्या टोकाशी हवा क्षणात दाबली जाते आणि तिथे तापमान भयंकर चढतं. तिथे तेलाचा थेंब असेल तर पेटतो.

ऑक्सिजनचं तर नावच काढू नका. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचं सिलिंडर असतं, दाबही दीडशेच्या आसपास असतो, आणि कोणीतरी सुचवतं की हवाच ती, त्यातून भरू. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, म्हणून वस्तू सावकाश पेटतात. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली असला की रबर, ग्रीस, प्लास्टिकच काय, काही धातूही पेट घेतात. अशा सिलिंडराने बंदूक भरणं म्हणजे हातात स्फोटक धरणं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं असतं, पण रंगावर भरवसा ठेवू नका. वर लिहिलेलं नाव वाचा, आणि नाव वाचता येत नसेल तर त्याला हात लावू नका.

पाणी

ही गोष्ट दिसत नाही म्हणून कोणी मनावर घेत नाही. आषाढात इंदूरची हवा ओली असते. 28 अंशांच्या आणि 85 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे तेवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. आमची बारा लिटरची टाकी रिकामीपासून 200 बारला भरायला साधारण 2.4 घनमीटर हवा लागते. म्हणजे पन्नास ग्रॅमहून जास्त पाणी. दाबल्यावर बारा लिटर जागेत त्यातलं अर्धा ग्रॅमही वाफ म्हणून राहू शकत नाही, बाकी सगळं थेंब होऊन खाली बसतं. अडवलं नाही तर कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढं पाणी दर भरण्याला टाकीत जमेल. पोलाद आतून गंजतं आणि भिंत पातळ होते, बाहेरून रंग मात्र चकचकीत. हातपंपाने रायफलचं सिलिंडर भरताना अर्धा मिलिलिटर येतं, पण रोजच्या अर्ध्या मिलिलिटरने वर्षभरात रेग्युलेटर खराब होतो आणि मग गोळ्या वर-खाली जाऊ लागतात. पोरगी बिचारी स्वतःला दोष देत बसते.

उपाय सोपा आहे. पंपाच्या किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी सिलिका जेलची नळी लावायची. निळे मणी पाणी पिऊन गुलाबी झाले की बदलायचे, केशरी असतील तर हिरवे होतात. कॉम्प्रेसरवर पाणी सोडायची कळ असते, ती दर काही मिनिटांनी उघडून पाणी उडवायचं. आणि जमेल तर पावसाच्या झडीत टाकी भरायचीच नाही, उघडीप बघून भरायची. सिलिंडर कधी पूर्ण रिकामं करून ठेवू नका. आत थोडा दाब राहिला की बाहेरची दमट हवा आत शिरत नाही आणि व्हॉल्व्हही घट्ट बसलेला राहतो. बंदूकसुद्धा शून्यापर्यंत चालवायची नसते. गेजवरचा हिरवा पट्टा संपला की थांबायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 जूलपर्यंतच्या आणि 4.5 मिलिमीटर छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद सात-आठ जूलच असते. मोठ्या टाकीचे नियम मात्र वेगळे. दाबाच्या गॅस सिलिंडरांवर देशभर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि 2016 च्याच गॅस सिलिंडर नियमांखाली अशी टाकी ठरावीक काळाने हायड्रो टेस्टला जाते. रिक्षाच्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होते. जुनी टाकी विकत घेताना गळ्याजवळ ठोकलेली शेवटच्या टेस्टची तारीख बघा. ती नसेल, खोडलेली असेल किंवा वरून रंग चढवला असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

विमानाने स्पर्धेला जाताना सिलिंडर रिकामं करून न्यावं लागतं. भरलेलं चालत नाही. तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारून ठेवलं म्हणजे विमानतळावर पळापळ होत नाही.

माझी पुतणी आता महूच्या बाजूने जाताना दर वेळी गाडीची काच खाली करते. तिथल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमारने 2012 साली लंडनला पिस्तुलात रौप्य जिंकलं, हे तिला कुणीतरी सांगितलंय. ती रोज संध्याकाळी सिलिंडर स्वतःच्या हाताने भरते, डोळा काट्यावर, दुसरा हात धातूवर. मी फक्त बाजूला उभा असतो.

तिच्या आधीच्या सिलिंडरची दहा वर्षं मागच्या मार्चमध्ये भरली. दिसायला ते नव्यासारखं होतं, एक ओरखडा नाही. मी ब्लीड करून त्यातली हवा पूर्ण सोडली, व्हॉल्व्ह काढला, भिंतीत 8 मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार भोक पाडलं, आणि आटे कानशीने घासून टाकले, म्हणजे उद्या भंगारातून ते कोणाच्या हाती पडलं तरी त्याला ते परत भरता येऊ नये. भोक पाडलेला तो तुकडा आता टाकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. नवीन मुलं येतात, भोकाच्या काठावरून बोट फिरवून बघतात, आणि भिंत किती पातळ आहे ते त्यांना तिथेच कळतं.